बारीक मूठ

करवतीवर मूस रंगवलेला होता, आणि लोर्नाचं डोकं फिरलं ते आधी त्या मूसवरून. करवत कुणाची होती हे तिच्या लक्षात नंतर आलं. रविवारची सकाळ होती, पोर्टलंडमध्ये नव्याने निघालेली न्याहारीची खानावळ होती, आणि समोर बसलेली जोलीन पांढऱ्या रश्शात इकडची पावासारखी मऊ बिस्किटं बुडवत जावयाच्या कागाळ्या सांगत होती. दोघी एकाच दातांच्या दवाखान्यात. लोर्ना आत खुर्चीपाशी लोकांचे दात खरवडून साफ करते, जोलीन बाहेरच्या टेबलावर त्यांना तारखा देते, आणि इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचं इतकं ऐकलंय की आता नाही ऐकलं तरी चालतं. त्या न ऐकण्यातच लोर्नाची नजर कॉफीच्या यंत्राच्या वर भिंतीकडे गेली. माणसाहून लांब जुनी करवत, दोन टोकांना दोन मुठी, आणि पात्यावर देखावा. निळं आभाळ, सुळका, सुळक्याच्या दोन बाजूंना दोन वाकडी झाडं, आणि खाली कोपऱ्यात तो मूस, उत्तरेकडचं ते घोड्याएवढं सांबर, फावड्याएवढी शिंगं आणि लोंबता ओठ घेऊन असा उभा की जणू रान त्याच्या बापाचं आहे. सुळका थील्सन डोंगराचा होता, त्यात शंकाच नव्हती. तसं टोक दुसऱ्या कुठल्या डोंगराला नाही. पण थील्सनवर मूस नसतो. हरणं असतात, अस्वलं असतात, खारी तर पायात येतात. मूस मात्र त्या रानात कुणाच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही. जुन्या करवती घ्यायच्या, त्यांच्यावर देखावे रंगवायचे आणि भिंतीला टांगायच्या ही इकडची खोड लोर्नाला लहानपणापासून माहीत होती, आणि लहानपणापासून तिला तिची चीड होती. बाबा म्हणायचे, चांगल्या करवतीवर चित्र काढणं म्हणजे जिवंत घोड्यात भुसा भरणं. तळं, झोपडी, मूस. डोंगर कुठलाही असो, मूस हवाच. डोंगर ज्याला हुबेहूब काढता येतो त्याला तिथे काय चरतं एवढं विचारायचं सुचू नये, या मूर्खपणाने लोर्नाच्या तोंडातली कॉफी कडू झाली.

मग तिने मुठी पाहिल्या. डावीकडची जाड, काळपट, कुठल्याही करवतीला असते तशी. उजवीकडची बारीक. झिजून बारीक झालेली नव्हे. मुद्दाम तासून, बारा वर्षांच्या पोरीच्या पंज्यात मावेल एवढी केलेली, आणि अंगठा टेकतो तिथे एक खोलगट खळगी. ती खळगी बाबांनी चाकूने कोरली होती, मागच्या अंगणात पालथ्या बादलीवर बसून, आणि मधूनमधून "हात आण" म्हणत तिचा हात तिच्यात बसवून बघत होते. लाकडाचे पापुद्रे त्यांच्या बुटांवर पडत होते, आणि आपल्या हाताचं माप कुणीतरी एवढ्या मन लावून घेतंय या सुखाने ती बारा वर्षांची पोर श्वास रोखून उभी होती. एका बाजूला जाड नि दुसऱ्या बाजूला बारीक मुठीची करवत सबंध ऑरेगॉनात दुसरी नसेल. "ही तुझी," बाबा म्हणायचे. "मी खपलो की भांडीकुंडी कुणीही घ्या, ही हिची." आणि आता करवतीला दात नव्हते. जिथे दात असायला हवे तिथे एक गुळगुळीत कड होती, लेकराबाळांना लागू नये अशी. करवतीचं बोळकं करून टाकलं होतं. रात्री दात खाऊ नका, झिजतात, असं लोकांना रोज सांगणारी लोर्ना त्या खुर्चीत बसून दात खात होती, आणि तिला ते ऐकू येत होतं.

खाणं वाढणारी मुलगी आली तेव्हा लोर्नाने विचारलं, "ही करवत कुठून आणलीत?"

"ती? मालकांनी आणली. दक्षिणेकडच्या कुठल्याशा जत्रेतून. गोड आहे ना? सगळे फोटो काढतात."

"हिचे दात कुणी काढले?"

"दात?" मुलीने एकदा करवतीकडे आणि एकदा जोलीनकडे पाहिलं.

"बाई, आज रविवार आहे," जोलीन म्हणाली. "आज तरी लोकांच्या दातांवरून उठ." आणि ती आपल्याच विनोदावर हसली. लोर्ना उठली ती मात्र खरोखरच उठली. ताटात अर्धं अंडं तसंच राहिलं. जोलीन मागून काहीतरी म्हणत होती, आणि लोर्ना गाडीत बसून दक्षिणेच्या रस्त्याला लागली होती, कारण बाबांच्या शेडमधल्या खुंटीवरून ती करवत काढून विकणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते ग्लाइड गावात नदीकाठच्या घरात एकटं राहत होतं. तिची आई.

रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. आई, तुला विचारायचंसुद्धा वाटलं नाही. आई, तुझी होती का ती. प्रत्येक वाक्य आधीच्याहून धारदार, आणि प्रत्येकाला आईचं उत्तरही तीच देत होती, आणि त्या उत्तराने पुन्हा पेटत होती. आईचं नाव आर्डिस. वय अठ्ठ्याहत्तर. बाबा, ऑर्विल, दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात वारले. फुप्फुसं लाकडाच्या भुशाने भरली होती, डॉक्टरांनी वेगळं नाव दिलं पण घरात सगळ्यांना भुसाच माहीत. प्लायवूडच्या गिरणीत जन्म घालवलेला माणूस. पण गिरणी ही पोटासाठी. जीव डोंगरावर. थील्सनच्या चहूबाजूंचं रान सरकारने राखलेलं. तिथे यंत्र म्हणून चालवायचं नाही, सायकलसुद्धा न्यायची नाही. हिवाळ्यात बर्फाने आणि वाऱ्याने झाडं आडवी होतात, वाटा बंद पडतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्या मोकळ्या करायच्या तर हाताच्या करवतीनेच. जे हे काम करतात ते हौसेने करतात. बाबा दर शनिवारी पहाटे उठायचे, करवत आगीच्या बंबाच्या फाटक्या पाइपाच्या खोळीत घालायचे, आणि तिघं जण निघायचे. वर दोघं जायचे. करवतीला दोनच मुठी असतात.

ती करवत कशी चालते हे ज्याने ओढली नाही त्याला सांगून कळत नाही. नवखा माणूस ढकलतो. ढकललं की पातं मधे वाकतं, अडकतं, समोरच्याच्या मनगटाला हिसका बसतो. आपण फक्त ओढायचं, आणि ओढून झालं की सोडायचं, पूर्ण सोडायचं, समोरच्याचा आहे आता तो घास म्हणून. "ओढ. सोड," बाबा पहिल्या उन्हाळ्यात म्हणत राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यापासून म्हणायची गरज उरली नाही. पात्याला आपोआप ताल यायचा, करवत गुणगुणायला लागायची, आणि खाली शेवयांसारखा लांबलांब भुसा पडायचा, वासाला गोड, हाताला ओलसर. भुसा पिठासारखा पडला की बाबा नाक मुरडायचे. शेवया पडल्या की काहीच बोलायचे नाहीत. दिवसभरात दोघांत दहा वाक्यं झाली तर खूप. पण त्या ओंडक्याच्या पलीकडे कोण आहे हे तिला मनगटातून कळायचं. थकला आहे, खूश आहे, विचारात आहे. पुढे लोर्नाचं लग्न झालं आणि मोडलं, त्या माणसाशी सात वर्षांत ती जेवढं बोलली तेवढ्यातून तिला त्याचं हे कधी कळलं नाही. तो ढकलणाऱ्यांतला होता. आणि ती सोडणाऱ्यांतली नसावी, असं तिला पुढेपुढे वाटू लागलं होतं.

दुपारी दोघं एखाद्या खडकावर बसायचे आणि सुळक्याकडे तोंड करून आईने बांधून दिलेलं खायचे. सँडविच, आदल्या रात्रीच्या भाजलेल्या मांसाचं, वर लोणच्यातल्या काकडीचे काप. नेहमी तीन. आपापलं खाऊन झालं की बाबा तिसरं खिशातल्या चाकूने कापून अर्धं तिला द्यायचे. "आर्डिस नेहमी एक जास्त घालते," म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात बायकोचं कौतुक असायचं. ते अर्धं सँडविच लोर्नाला आयुष्यात खाल्लेल्या सगळ्या पक्वान्नांहून आवडत होतं, कारण ते फुकटचं वाटायचं, वरकड सुखासारखं. मग बाबा डोंगराची गोष्ट सांगायचे, एकच, दरवेळी. हा पूर्वी केवढा तरी होता, गोलमटोल, पोटात आग. मग आग विझली. मग बर्फ आला आणि हजारो वर्षं बसून त्याने याला खाल्लं, बाजूचं मऊमऊ सगळं कुरतडून नेलं, आणि शेवटी राहिलं ते याच्या घशात गोठलेलं. "तो सुळका म्हणजे बोलायचं राहून गेलेलं आहे," ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे, कारण असलं बोलणं त्यांना शोभायचं नाही. त्या टोकावर वीज पडते, दरवर्षी पडते, आणि दगडावर काचेचे थेंब उमटतात, काळेहिरवे. एकदा बाबा टोकापर्यंत जाऊन आले होते, दोन्ही हातांनी खडक कवटाळत. खाली येताना अशी काच उमटलेला एक दगड आणला. "आर्डिसला," म्हणाले. तेव्हापासून दरवेळी वरून काहीतरी आणायचे; कधी काचेचा, बहुतेकदा साधाच दगड. आर्डिसला.

आई गाडीत असायची. वाहनतळावर ती गाडी सावली बघून लावायची आणि संध्याकाळपर्यंत बसायची. विणकाम असायचं, नाहीतर जुनी मासिकं. एकदा कधीतरी, अगदी पहिल्या वर्षी, लोर्नाने विचारलं होतं की आई का येत नाही. बाबा करवत खांद्यावर घेता घेता म्हणाले, "तिला डोंगराचं वेड नाही. डास चावतात तिला. आणि कुणीतरी गाडीपाशी थांबायला हवं." ते पुरेसं वाटलं होतं. बारा वर्षांच्या पोरीला त्यात खटकण्यासारखं काय होतं? उलट बरंच वाटलं होतं. हे बरं वाटणं आठवलं आणि लोर्नाने नदीच्या वळणावर उगाचच भोंगा वाजवला, पुढच्या लाकडाच्या ट्रकवर. ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून काय ती खूण केली. राग असा मोठा सोयीचा असतो. तो एका जागेवरून हलवून दुसरीकडे ठेवता येतो. तिने तो पुन्हा आईवर नेऊन ठेवला. विकली. बाबांची माती वाळली नव्हती तोवर विकली. आणि विकली ती विकली, कुणा गाढवाच्या हातात दिली, ज्याने तिच्यावर मूस काढला.

गाढवाचा पत्ता आईच्या स्वयंपाकघरातच लागला. टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांवर दोन करवती आणि एक दुधाची किटली, आणि सगळ्यांवर मूस. एक मूस वाळत होता, एकाला अजून शिंगं यायची होती. आर्डिस चष्मा कपाळावर सरकवून उभी होती, हाताला तपकिरी रंग, आणि लेकीला अशी अवचित दारात पाहून तिने फक्त बर्नरवर चहाची किटली ठेवली. "सांगून आली असतीस तर केक केला असता," ती म्हणाली. "तोंड का असं? रस्त्यात कुणाशी भांडलीस?"

"तू काढलंस ते चित्र?" लोर्ना म्हणाली. रस्ताभर घासून ठेवलेली सगळी वाक्यं गेली आणि हेच तोंडात आलं. "बाबांच्या करवतीवर. तू?"

"कुठे पाहिलीस?"

"पोर्टलंडमध्ये. कॉफीच्या यंत्राच्या वर."

"पोर्टलंडला गेली?" आर्डिसचा चेहरा उजळला, आणि ते बघून लोर्नाच्या डोक्यात सणक गेली. "बघ. गावच्या सभागृहात त्या चित्रं शिकवायला येतात ना विल्मा, त्या म्हणाल्याच होत्या की ही लांब जाणार. कशी दिसते गं भिंतीवर?"

"आई, ती माझी होती."

"असेल."

"असेल? बाबांनी मला दिली होती. शंभरदा सांगितलं होतं त्यांनी. आणि तू तिचे दात... तसली करवत आता होत नाही, आई. तसलं पोलाद कुणी करत नाही. तू ती घासून टाकलीस आणि तिच्यावर मूस काढलास. थील्सनवर मूस नसतो!"

"मला काय ठाऊक वर काय असतं नि काय नसतं?" आर्डिस म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. हातातला ब्रश तेलात बुडवून फडक्याला पुसला, एकदा, दोनदा, केस न केस वेगळा होईपर्यंत. "मी कधी गेले का वर?"

लोर्ना आणखी चिडली. आई मात्र आता पाव कापायला लागली होती. फ्रिजमधून मांसाचा तुकडा काढला, बरणीतून काकडी काढली, सुरी पाटावर जरा जास्तच आपटत होती. "आणि दात मी नाही घासले," ती पाठमोरीच म्हणाली. "त्याने घासले. शेवटच्या हिवाळ्यात. मी म्हटलं, ऑर्विल, आता ती करवत मला दे. म्हणाला, काय करणारेस? म्हटलं, रंगवणारे. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतो. मग म्हणाला, तशी नको घेऊ, हात कापतील तुझे. कानस आणली त्याने, आणि बसला घासत, हीच खुर्ची. आठवडा गेला त्यात. धाप लागायची, थांबायचा, पुन्हा घासायचा."

"काही बोलले?"

"नाही. एकदा म्हणाला, आर्डिस, पातं हलतंय, पलीकडची मूठ धर जरा." सुरी थांबली. "धरली मी. ती बारीक. माझ्या हाताला अगदी बरोबर बसली."

लोर्ना खुर्चीत बसली, आणि बसल्यावर लक्षात आलं की कुठल्या खुर्चीत, तेव्हा पुन्हा उठली. तिला आत्ता बाबांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो कुठे न्यायचा हे कुणी शिकवत नाही. त्यांनी दिली. कुणी चोरली नाही, फसवून घेतली नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक दात घासला, ज्या दातांना धार लावताना ते श्वास धरायचे, ज्यांना ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आणि तिला फोनसुद्धा केला नाही. त्या हिवाळ्यात ती दर रविवारी फोन करायची, ते म्हणायचे, बरं आहे, खोकला आहे, पोर्टलंडला पाऊस आहे का? आणि फोन ठेवून कानस उचलत असणार. ती मूठ तिच्या हाताच्या मापाची होती. तिच्या. आईच्या हाताला बसली म्हणून काय झालं. बसणारच, तिचा हात आईच्या हातासारखाच आहे. हे तिने पूर्वी कधी मनात आणलं नव्हतं. टेबलावर टेकलेले ते दोन हात, एक तपकिरी रंगाने माखलेला, एक स्वच्छ, तिने पाहिले आणि नजर काढून घेतली.

"मग विकलीस का?" ती म्हणाली. "एवढी हौसेने मागून घेतलीस तर ठेवायची होतीस."

"ठेवून काय करू? रोज बघू?" आर्डिसने सँडविच मेणकागदात गुंडाळलं. "मला हवी होती ती मिळाली. झालं."

"आणि ती दोन झाडं कुठली? मी सबंध डोंगर पालथा घातलाय, आई. सगळ्या बाजूंनी पाहिलाय. तसा तो कुठूनही दिसत नाही. देखावासुद्धा खोटा काढलास."

हे ऐकून मात्र आर्डिस वळली. कपाळावरचा चष्मा तिने नाकावर घेतला, आणि लेकीकडे अशी पाहू लागली जशी दुकानातल्या महागड्या वस्तूकडे बघतात, घ्यायची नाही हे ठरवून. "गाडी काढ," ती म्हणाली. "दाखवते."

तासभराचा रस्ता होता. नदी बाजूने धावत होती, मग मागे पडली, मग झाडं उंच होत गेली आणि रस्त्याकडेची माती फिकी, हलकी, राखेसारखी झाली. उन्हाळ्यातला लांबलचक दिवस. चार वाजून गेले तरी ऊन हलायला तयार नव्हतं. वाहनतळावर तीनचार गाड्या होत्या आणि कुठूनतरी लांबून पायी आलेलं एक धुळकट जोडपं बूट काढून पायांना पट्ट्या बांधत होतं. लोर्नाने सवयीने गाडी वाटेच्या तोंडाशी नेली. "इथे नाही," आर्डिस म्हणाली. "मागे घे. आणखी. त्या खांबाच्या अलीकडे. तिथे दुपारनंतर सावली येते. हं. आता इंजिन बंद कर, आणि उतरून इकडे ये. माझ्या जागेवर बस."

लोर्ना त्या जागेवर बसली. सीट आईच्या पाठीने गरम होती. समोर काच, काचेपलीकडे दोन वाकडे पाईन, आता चांगले जाडजूड झालेले, आणि त्यांच्या बरोबर मधे थील्सन. एवढासा. अंगठ्याएवढा. वरून, खडकावरून, बांधावरून, पाण्याच्या काठावरून तिने पाहिलेला तो अंगावर येणारा सुळका इथून कुणीतरी दूर नेऊन ठेवल्यासारखा दिसत होता. वरच्या कड्याचे पट्टे दिसत नव्हते, बर्फाने कुरतडलेल्या जागा दिसत नव्हत्या, नुसतं टोक. चित्रात होतं तस्सं, रेघेरेघेला तेच. उगाच घातलेली एकही फांदी नव्हती. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे मूस उभा होता, तिथे झाडांत शिरणारं वाटेचं तोंड होतं. तिथून ते दोघं दिसेनासे व्हायचे. करवत खांद्यावर, पातं वाकून मागे हेलकावतंय, बाबा पुढे, ती मागे. तिने कधी वळून पाहिलं होतं का? तिने आठवून पाहिलं. वळून बघायला मागे काहीच नव्हतं. गाडी होती.

"तुला डोंगर आवडत नाही असं बाबा म्हणायचे," लोर्ना म्हणाली. "डास चावतात म्हणून."

"डास गाडीतच जास्त असतात," दाराशी उभी राहून आर्डिस म्हणाली. "वर वारा असतो. असं ऐकलंय."

"मग म्हणायचं होतंस ना, मला यायचंय म्हणून. तोंड नव्हतं तुला?"

"तुला होतं की. तू म्हणालीस कधी, आई चल?"

"मी लहान होते."

"अठराची झालीस तेव्हाही लहानच होतीस?" आर्डिसने कोटाची बटणं लावायला घेतली, खालचं, मग त्याच्या वरचं. "मी तयारच असायचे. दर शनिवारी वाटायचं, आज विचारेल. मला डोंगराचं नव्हतं गं एवढं, डोंगर काय, दगडच. पण विचारेल, असं वाटायचं. मग संध्याकाळी तुम्ही यायचात, घामेजलेले, खूश, आणि तो माझ्या हातात दगड ठेवायचा."

लोर्नाला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, बाबांच्या बाजूचं, या सगळ्यात त्यांचा जीव होता हे सांगणारं, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते असं: "ते तुझं कौतुक करायचे वर. खायला बसलो की म्हणायचे, आर्डिस नेहमी एक जास्त घालते."

आर्डिसचा हात वरच्या बटणावर थांबला. "जास्त?" ती म्हणाली.

लांबून आलेल्या जोडप्यातला पुरुष कशालातरी हसला. पाईनच्या सालीवरून एक खार सरसर वर गेली.

"ते माझं होतं," आर्डिस म्हणाली. "ते काय खायचात तुम्ही?"

लोर्नाला ती चव आठवली, काकडीची, मांसाची, चाकूला लागलेल्या लाकडाच्या डिंकाची. इतका वेळ जिथे ठेवू तिथे बसणारा राग आता कुठे ठेवावा ते तिला कळेना. आई तिच्याकडे बघत नव्हती. आईने कोटाच्या खिशातून ते मेणकागदाचं पुडकं काढून पाहिलं, पुन्हा आत ठेवलं, आणि खिशाचं झाकण लावलं. पुडकं एकच होतं. गाडीच्या मागच्या बाजूला पडलेली लोर्नाची छत्री तिने काठीसारखी हातात घेतली आणि जमिनीवर टेकून बघितली.

"काय करतेस?" लोर्ना म्हणाली. "आई. वेड लागलंय का? तुझे गुडघे. थांब, मी येते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? एकटी जाणारेस? वाटेत झाडं पडलेली असतील, ओलांडताना..."

"असू देत. ओलांडता आलं तर ओलांडेन, नाहीतर तिथेच बसून खाईन." आर्डिसने दार लावून घेतलं आणि अर्ध्या उघड्या काचेतून आत पाहिलं. चेहऱ्यावर माया नव्हती. लोर्ना ती शोधत होती, पण नव्हती. "तू बस. कुणीतरी गाडीपाशी थांबायला हवं."

ती गेली. वाहनतळ ओलांडताना छत्री खडखडत होती. बूट साधे, बाजारात जायचे. धुळकट जोडप्याने तिला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी उत्तर दिलं, ते दोघं हसले आणि बाईने तिच्याकडची पाण्याची बाटली पुढे केली, ती आर्डिसने घेतली. लोर्नाने दाराच्या कडीला हात घातला होता. उतरून धावत गेली असती तर दहा पावलांत गाठलं असतं. पण धावत जाऊन म्हणायचं काय? मला ने? हे दोन शब्द तोंडाशी आले आणि इतके अवघड निघाले की ती थक्क झाली. रागाने तिचे डोळे भरून आले. आई एकदाही वळली नाही. जिथे मूस उभा होता तिथे तिचा निळा कोट थोडा वेळ दिसला, मग सावलीत काळा झाला, मग झाडंच राहिली.

पहिला डास कानाशी आला. लोर्नाने काच वर केली तर गाडी तापायला लागली. काच खाली केली तर आणखी तीन आत शिरले. तिने एक मारला, मनगटावर, रक्ताचा ठिपका उमटला. पोटात भूक होती, सकाळचं अर्धं अंडं पोर्टलंडच्या ताटात पडून होतं. समोर दोन झाडांच्या मधे तो अंगठ्याएवढा डोंगर, आणि त्याच्याकडे बघण्यावाचून करायला दुसरं काही नव्हतं. किती वेळ लागेल हे आई सांगून गेली नव्हती. बाबाही कधी सांगून जात नसत.